जुम्म्याची चवन्नी

मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. बाहेरगावच्या माणसाला हे गावात शिरताच जाणवतं. एरवी मोसम नदीच्या पूर्वेला कुठल्याही गल्लीत उभं राहा, यंत्रमागांची खटखट पायाखालून येत असते. शुक्रवारी ती थांबते आणि माणसांचे आवाज ऐकू येऊ लागतात. मागवाल्यांचा आठवड्याचा हिशेब झालेला असतो, घराघरांत चार पैसे आलेले असतात, आणि त्यातलाच एखादा लहानसा तुकडा पोरांच्या हातावर पडतो. त्याला इथं खर्ची म्हणतात. खाऊचे पैसे म्हणा, पॉकेटमनी म्हणा. पण महिन्याच्या एक तारखेला मिळणारा तो पॉकेटमनी आणि जुम्म्याच्या नमाजनंतर बापाच्या सदऱ्याच्या खिशातून निघणारी ही खर्ची, यांत फरक आहे. त्या आठवड्यात कापड कमी निघालं असेल, वीज गेली असेल, तर पोरं खर्ची मागायलाही जात नसत. घरातलं वारं त्यांना कळत असे.

शहरातल्या एका उर्दू शाळेत गणित शिकवणारे एक सर आज पन्नाशी ओलांडून पुढे गेले आहेत. त्यांची खर्ची होती चार आणे. म्हणजे पंचवीस पैशांचं एक नाणं, चवन्नी. दशमान नाणी १९५७ साली आली, सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला, पण १९८० च्या दशकातही मालेगावच काय, अख्खा महाराष्ट्र चार आणे, आठ आणे, बारा आणे असंच मोजत होता. पाच पैशांचं चौकोनी नाणं, दहा पैशांचं कडेला नागमोडी असलेलं, वीस पैशांचं सहा कोनांचं. ही तिन्ही ॲल्युमिनियमची, इतकी हलकी की खिशात आहेत की पडली हे चाचपूनच पाहावं लागे. चवन्नीला मात्र वजन होतं. सरांना अजूनही वाटतं की पैसे हातात घेतल्यावर जो एक भरवसा येतो तो त्यांना पहिल्यांदा चवन्नीनं दिला.

चवन्नीत काय येत असे, हा विषय या पिढीच्या कोणत्याही माणसापुढे काढून पाहावा. तासभर तरी सुटका नाही. चिंच-मीठ, बोरं, चुरणाच्या पुड्या, बोटांत अंगठीसारखे घालून एकेक खायचे पिवळे बॉबी, लिमलेटच्या गोळ्या. आणि रावळगाव. इतर महाराष्ट्राला रावळगाव हे गोळीचं नाव वाटतं. मालेगावच्या पोरांना ते गाव होतं, आपल्याच तालुक्यातलं. वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली तिथं साखर कारखाना उभारला आणि १९४२ पासून तिथं गोळ्या बनू लागल्या. पुढे पान पसंद आणि मँगो मूड घेऊन ते नाव देशभर गेलं. २०२४ मध्ये हा गोळ्यांचा व्यवसाय रिलायन्सच्या कंपनीनं २७ कोटींना घेतला, तेव्हा गावातल्या कितीतरी प्रौढ माणसांनी ती बातमी एकमेकांना पाठवली. त्या व्यवहारात कुणाचं काही गेलं-आलं नव्हतं. तरी पाठवली.

खाण्यावरच सगळे पैसे जात असं नाही. सायकल भाड्यानं मिळे. उंच सायकलच्या दांडीखालून पाय घालून, वाकडं होऊन ती चालवायची, आणि वेळ संपत आली की दुकानाच्या समोरून न जाता मागच्या गल्लीतून जायचं. भाड्यानं पुस्तकंही मिळत. नदीच्या पश्चिमेला मोठी मुलं बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचत, तर पूर्वेला इब्ने सफीची जासूसी दुनिया. दोन्हीकडच्या दुकानदारांचा नियम एकच होता, पान फाटलं तर अनामत जप्त. सोरटही असे. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, पैसे देऊन एक ओढायची, नशिबात असेल ते निघायचं. सरांच्या घरी सोरटाला सक्त मनाई होती, कारण तो जुगारच. एका मावशीकडून मात्र सोरटासाठीच पैसे मिळायचे, कारण तिला स्वतःला चिठ्ठी ओढायची भारी हौस होती आणि बुरखा घालून दुकानापुढे उभं राहणं तिला जमत नव्हतं.

रमजानमध्ये या सगळ्या व्यवहाराला लगाम बसे. वयात येण्याआधी मुलांवर रोजा बंधनकारक नसतो. पण आठ-नऊ वर्षांची पोरं हट्टानं ठेवतात. कुणी अर्ध्या दिवसाचा ठेवतो, त्याला चिडीचा रोजा म्हणून चिडवतात. कुणी जिद्दीनं मगरीबपर्यंत, म्हणजे सूर्यास्तापर्यंत नेतो. खिशात चवन्नी आहे आणि दिवसभर तोंडात काही घालायचं नाही, तर ती चवन्नी करायची काय?

सरांच्या गल्लीच्या तोंडावर एका वाण्याचं किराणा दुकान होतं. सगळे त्यांना शेठ म्हणत. आजूबाजूला सगळी मोमीन विणकरांची वस्ती. हे विणकर मूळचे उत्तर प्रदेशातले, १८५७ नंतरच्या धामधुमीत तिकडून मोठ्या संख्येनं इकडे आलेले. महाराष्ट्रातल्या बायकांची रंगीत लुगडी वर्षानुवर्षं इथल्या मागांवर विणली गेली. त्या वस्तीत शेठचं दुकान वडिलांच्या काळापासून होतं आणि रोज्याचं वेळापत्रक त्यांना पाठ होतं. पोर गोळी मागायला आलं की शेठ आधी तोंडाकडे बघत. "का रे, रोजा ना तुझा आज?" पोर गप्प. "मग ठेव इथं. अजान झाल्यावर ये." ती चवन्नी गल्ल्यात जात नसे. ती एका पत्र्याच्या डब्यात पडे आणि उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर तिची नोंद होई. नावं शेठ आपल्या सोयीनं लिहीत: मास्तराचा धाकटा, लाल टोपी, दोन वेण्या, इमामाचा नातू. या पैशांना पोरं अमानत म्हणत. विश्वासानं ठेवायला दिलेली वस्तू. शेठही तोच शब्द वापरू लागले होते.

१९८३ चा रमजान जूनच्या मध्यावर सुरू झाला. उन्हाळा सरलेला नव्हता आणि पावसाचं नाव नव्हतं. मोसमच्या पात्रात वाळूच जास्त. सर तेव्हा नऊ वर्षांचे होते आणि त्यांना एक बोट हवी होती. पत्र्याची, आत तेलाची वात पेटवली की फटफट आवाज करत पाण्यात गोल फिरणारी. दीड रुपया किंमत. रमजानचे चार जुम्मे, चार चवन्न्या, म्हणजे एक रुपया. वरचे आठ आणे ईदीतून. हिशेब पक्का होता. दोन जुम्म्यांच्या चवन्न्या शेठच्या डब्यात पडल्याही होत्या.

२५ जूनला शनिवार होता. मुलानं पूर्ण रोजा ठेवलेला. दुपारी चारच्या सुमाराला त्याच्या घशाला अशी कोरड पडली की बोट, ईद, सगळं मागं पडलं. तो शेठकडे गेला आणि म्हणाला, "शेठ, वही घ्यायचीय शाळेची. माझे पैसे द्या." शेठनी वहीत पाहिलं, दोन चवन्न्यांच्या बदल्यात एक अठन्नी त्याच्या हातावर ठेवली, नोंदीवर रेघ मारली. पहिलं खोटं इथं झालं.

आपल्या गल्लीत काही खाणं शक्य नव्हतं. तो मोसम पुलावरून पलीकडे गेला, संगमेश्वरच्या बाजूला, जिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं. एका दुकानाबाहेर लाकडी पेटीत गारीगार होतं, नारिंगी रंगाचं, दहा पैशांना एक. दुकानदाराचं लक्ष गिऱ्हाइकाकडे नव्हतं. ट्रान्झिस्टर कानाशी, आजूबाजूला चार-पाच माणसं. लॉर्ड्सवर विश्वचषकाची अंतिम लढत सुरू झालेली होती आणि गावसकर २ धावांवर बाद झाल्याची हळहळ अजून चालली होती. दुकानदारानं न बघताच अठन्नी घेतली, न बघताच सुटे पैसे हातात दिले. मुलानंही न बघताच ते खिशात टाकले. एका भिंतीच्या सावलीत उभं राहून त्यानं ते गारीगार काडीपर्यंत चोखून संपवलं. सर सांगतात, त्या चवीची तोड नंतर कशालाच आली नाही, आणि ते सांगताना त्यांना अजून थोडं लाजल्यासारखं होतं. इफ्तारला तीन तासच उरले होते.

पुलावर परत येताना त्यानं पैसे मोजले. दहा पैशांचा माल. परत यायला हवेत चाळीस. हातात नव्वद. दुकानदारानं अठन्नीला रुपया समजून सुटे दिले होते.

आता नऊ वर्षांच्या मुलाचा विचार पाहा. रोजा तर गेलाच आहे. गेलेल्या रोज्यात आणखी काय बिघडणार? त्यानं चार आण्यांची सायकल घेतली, पाच पैशांच्या गोट्या घेतल्या, आणि संध्याकाळी खिशात साठ पैसे घेऊन, चेहरा जमेल तितका सुकवून घरी आला. इफ्तारला सगळ्यांबरोबर बसला. खजूर उचलला. त्याची अम्मी घरीच चरख्यावर कांड्या भरायची. मागाच्या धोट्यात बसणाऱ्या त्या कांड्या भरून तिला जे काही मिळे त्यात घरचं दूध भागे. तिनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "जुबान दिखा."

जीभ नारिंगी होती.

बाकीची भावंडं हसली. मार पडेल असं त्याला वाटलं, पण अम्मीलाही हसू आलं होतं. एवढ्या उन्हात रोजा सुटला तर सुटला, तुझ्यावर तो अजून फर्ज नाही, पुढच्या वर्षी ठेव, असं ती म्हणाली. त्या हसण्यानं मुलाचा बांध फुटला आणि त्यानं उरलेलंही सांगून टाकलं: नव्वद पैसे, सायकल, गोट्या. अम्मीचं हसू तिथं थांबलं.

मुस्लिम घरांत मुलांना दोन प्रकारची देणी शिकवली जातात. एक अल्लाहचा हक्क, नमाज-रोज्यासारखा; त्यात चूक झाली तर माणूस अल्लाहकडे माफी मागू शकतो. दुसरा बंद्यांचा हक्क, हुकूकुल इबाद. ज्या माणसाचं नुकसान केलं, त्याचं त्याला परत केल्याशिवाय किंवा त्यानं सोडल्याशिवाय तो हिशेब मिटत नाही. रमजानच्या प्रवचनांत हे दरवर्षी सांगितलं जातं आणि मोठी माणसं मान डोलावतात. अम्मीनं ते आठ आण्यांवर लावलं. "रोजा अल्लाहचा होता, तो बघून घेईल. हे पैसे त्या दुकानदाराचे आहेत. ते माफ करणं ना माझ्या हातात, ना तुझ्या अब्बांच्या."

मुलानं विचारलं, दुकानदाराला कळलंच नाही तर? अम्मी म्हणाली, "तुला कळलंय ना."

त्या रात्री तरावीहची नमाज आटोपून माणसं रेडिओभोवती जमली. भारत जिंकला, गल्लीत फटाके वाजले, लोक सहेरीपर्यंत जागेच राहिले. मुलगा अंथरुणात पडून साठातून पन्नास वजा करत होता. उरतात दहा. दोन जुम्म्यांची बचत, आणि उरतात दहा पैसे.

रविवारी सकाळी तो पूल ओलांडून गेला. त्याच्या मनात एक चित्र होतं, हे सर प्रामाणिकपणे कबूल करतात. दुकानदार चकित होईल, पाठ थोपटेल, चारचौघांना सांगेल, कदाचित मूठभर गोळ्या देईल. रोजा आहे म्हणून आपण त्या खिशात ठेवू. आदल्या रात्रीचा विजय, सगळ्यांचे चेहरे खुललेले, दिवसही त्याला अनुकूल होता.

त्यानं पैसे पुढे केले. काल तुम्ही जास्त दिले होते, अठन्नी होती, रुपया नव्हता. दुकानदारानं त्याच्याकडे पाहिलं. पैसे मोजले. "एकच गारीगार नेलं होतं?" "हो." "मग बरोबर आहे." पैसे गल्ल्यात पडले. मुलगा उभाच. "आणखी काही पाहिजे का?" "नाही." "मग सरक जरा बाजूला. मागं माणूस उभा आहे."

बस, एवढंच. पुलावरून परत येताना मुलाला रडू आलं. ना शाबासकी, ना गोळी. त्याला तो दुकानदार पुष्कळ दिवस कोरडा, खडूस माणूस वाटत राहिला. पुढे सर शिक्षक झाले, वर्गात सापडलेली पेन्सिल परत करणाऱ्या मुलाला टाळ्या वाजवून घेण्याचा उपक्रम शाळेत आला, तेव्हा त्यांना त्या दुकानदाराची आठवण झाली. त्या माणसानं एका मुसलमान वस्तीतून आलेल्या नऊ वर्षांच्या पोराशी मोठ्या गिऱ्हाइकासारखा व्यवहार केला होता. चूक झाली, दुरुस्त झाली, पुढचा माणूस. सर टाळ्या वाजवून घेतात, नियम आहे म्हणून.

शेठला वहीचं खोटं कळलं की नाही, हे कधी उघड झालं नाही. पुढच्या शुक्रवारी मुलगा चवन्नी घेऊन गेला तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "रोजा?" आणि डबा पुढे केला. एवढंच की नोंद करताना त्यांनी विचारलं, "यावेळी वही-बिही काही नाही ना?" आणि उत्तराची वाट न पाहता दुसऱ्या गिऱ्हाइकाला साखर जोखायला घेतली.

बोट मिळाली. ईदीनं मिळाली. ईदीबद्दल बिगरमुस्लिम वाचकांना एवढं सांगितलं तरी पुरे की भाऊबीजेची ओवाळणी फक्त बहिणीला मिळते, इथं सगळ्या लहानांना मिळते, आणि देणाऱ्याची पळापळ तितकीच होते. ईदच्या नमाजनंतर घरोघरी जायचं, सलाम करायचा आणि नोट हातात पडेपर्यंत तिथून हलायचं नाही. नोट कोरी करकरीत असावी असा दंडक. चांदरातीच्या आधी बँकेत कोऱ्या नोटांच्या बंडलासाठी ओळख लावली जाते. मुलांच्या ईदीचा मोठा भाग "माझ्याकडे दे, जपून ठेवते" असं म्हणणाऱ्या आयांकडे जातो आणि त्यानंतर त्याचं काय होतं हे देशभरातल्या मुसलमान मुलांना आजवर कळलेलं नाही. सरांच्या थोरल्या बहिणीनं मात्र शहाणपणा केला. तिनं ईदी कधीच घरी आणली नाही. वाटेतच शेठच्या डब्यात टाकली. 'दोन वेण्या' ती हीच. बोट बासी ईदला, म्हणजे ईदच्या दुसऱ्या दिवशी, घेतली गेली आणि बादलीत दोन दिवस फिरून तिसऱ्या दिवशी बुडाली.

आता सरांच्या मुलीचा मुलगा सहा वर्षांचा आहे. पुण्यातल्या मामानं गेल्या वर्षी त्याची ईदी फोनवर पाठवली. आईच्या फोनवर 'टिंग' वाजलं, सगळे म्हणाले आली बघ तुझी ईदी, आणि तो फोनकडे आणि माणसांकडे आळीपाळीनं बघत राहिला. शेवटी सरांनी आपल्या खिशातली दहाची नोट दिली तेव्हा त्याला ईद झाल्यासारखं वाटलं. मधली काही वर्षं तर दुकानदार सुट्ट्यांऐवजी चॉकलेटच हातावर ठेवत. सरांना त्याचा अजून राग आहे. मुलाला चॉकलेट आवडतं हे खरं, पण ते घ्यायचं की उरलेले पैसे ठेवायचे, हे त्याचं त्यानं ठरवायचं असतं.

शेठ जाऊन बरीच वर्षं झाली. दुकान मुलाकडे आहे, गल्ल्यावर बहुतेक वेळा नातू असतो. दुकानात आता फ्रीज आहे, क्यूआर कोडचा फलक आहे, बॉबी आजही आहेत. २०११ साली जूनअखेर पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली. त्याआधी ती बँकेत बदलून मिळत होती, म्हणून लोक घरातले डबे, गल्ले उपडे करत होते. तेव्हा शेठच्या मुलानं सरांना दुकानात बोलावून घेतलं. समोर तो पत्र्याचा डबा आणि जुनी वही. वहीच्या मागच्या पानांवर काही नोंदींवर रेघ मारलेली नव्हती. पोरं ठेवून गेली, विसरली, मोठी झाली. कुणी भिवंडीला गेलं, कुणी सुरतेला, कुणी आखातात. लाल टोपीचे बारा आणे. इमामाच्या नातवाचा एक रुपया चार आणे. अशा सात-आठ नोंदी, आणि त्यांचे पैसे डब्यात तसेच, चवन्न्या-अठन्न्या, काळ्या पडलेल्या. 'दोन वेण्या' मात्र वसूल झालेली होती.

"सर, याचं काय करू? तुमच्यात काय सांगितलंय?"

सरांनी त्यांना ठाऊक होतं ते सांगितलं. मालक सापडत नसेल तर त्याच्या नावानं गरिबाला देऊन टाकावं, त्याचं पुण्य त्याला मिळतं. चवन्न्या बँकेतून बदलून आणा, रमजानमध्ये कुणाला तरी द्या.

शेठच्या मुलानं थोडा विचार केला. "आणि मालक आला तर?"

सरांनी सांगितलं, आला तर तुम्ही आपल्या खिशातून द्यायचे.

"ते देईनच की," तो म्हणाला. "पण तो चवन्नीच मागेल."

त्यानं डबा बंद केला आणि वरच्या फळीवर, तराजूच्या जुन्या मापांशेजारी ठेवून दिला. तो अजून तिथंच आहे. यंदाही चांदरातीला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. शेवया, सुकामेवा, दूध पावडर, आणि पायांमधून वाट काढत आलेली पोरं. दुसऱ्या दिवशी दहाच्या कोऱ्या नोटा घेऊन ती पुन्हा येणार म्हणून नातवानं आदल्या रात्रीच रुपया-दोन रुपयांच्या नाण्यांच्या पुड्या बांधून ठेवल्या होत्या.